डॉलीची नोंद झालीच पाहिजे, तुमच्या ठेल्याची आत्ता नको

फेब्रुवारी २०२४ संपता संपता बिल गेट्सनं इन्स्टाग्रामवर एक छोटा व्हिडिओ टाकला. ‘वन चाय, प्लीज’ म्हणत तो एका हातगाडीपुढे उभा आहे. गाडीमागचा माणूस गॉगल लावून, उंचावरून दुधाची धार सोडत हात असे फिरवतोय की चहा चाललाय की जादूचा खेळ, ते कळू नये. नागपूरच्या सदरमधला डॉली चायवाला. व्हिडिओ मात्र नागपूरचा नव्हता, हैदराबादचा होता. आपण कोणाला चहा पाजला हे नागपूरला परत आल्यावर कळलं, असं डॉलीनंच नंतर पत्रकारांना सांगितलं. पुढच्याच वर्षी त्याच्या टपरीच्या नावानं फ्रँचायझी जाहीर झाली.

आता प्रश्न असा, की या माणसावर, त्याच्या चहाच्या गाडीवर विश्वकोशात, निदान विकिपीडियात, स्वतंत्र नोंद असावी का?

नागपूरकडच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न टाकून बघा. दहा मिनिटांत दोन पार्ट्या पडतील. पहिली म्हणेल, चायवाल्यांची पानं व्हायला लागली तर विश्वकोशाचं राहिलं काय? उद्या पानठेलेवाले रांगेत येतील. दुसरी म्हणेल, डॉलीला मिळते तर आमच्या भिवापूरच्या ठेलेवाल्याला का नाही बावा? त्याच्या तर्रीपुढे डॉलीचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी.

मला दोन्ही पार्ट्या पटत नाहीत. दुसरी तर जास्तच नाही, कारण ती प्रेमापोटी बोलते आणि म्हणून तिला कोणी टोकत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: डॉलीची नोंद व्हावी. भिवापूरच्या तुमच्या लाडक्या ठेल्याची आज होऊ नये. ती उद्या व्हावी असं वाटत असेल, तर त्यासाठी जे काम करायला लागतं ते आपण मराठी माणसांनी केलेलं नाही, आणि भांडायचंच तर त्याबद्दल भांडू.

आधी पहिल्या पार्टीकडे बघू. विश्वकोश म्हणजे देवघर, तिथे चपला काढून जायचं आणि आत फक्त थोर माणसं, ही समजूत कुठून आली कोण जाणे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचं काम सुरू केलं ते नागपुरात. पुण्याला ते नंतर गेलं. हा माणूस अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट घेऊन आलेला, आणि इकडे येऊन वर्गणीदार मिळवत गावोगाव फिरला. २३ खंड काढले. ते खंड चाळले तर त्यात देवादिक आहेत, राजेरजवाडे आहेत, तशीच पिकं आहेत, जाती आहेत, धंदे आहेत, फुटकळ संस्थानं आणि तालुक्याची गावं आहेत. त्याच्याही आधी, १९०८ साली, इंग्रज सरकारनं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटिअर छापलं. रसेल नावाच्या आयसीएस अधिकाऱ्यानं ते संपादित केलं. अशा गॅझेटिअरांत गावाची नोंद असली की तिथला आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो तेही आलंच. साहेबाला बाजाराचं कौतुक नव्हतं, त्याला महसूल हवा होता. पण गावात माणसं कुठे जमतात, काय विकतात, काय खातात हे माहितीत मोडतं एवढी अक्कल त्याला होती. शंभर वर्षांनी आपण ‘चायवाला विश्वकोशात?’ म्हणून नाक मुरडतो.

आणि हा वाद काही नागपूरनं पहिल्यांदा घातलेला नाही. सप्टेंबर २००७मध्ये विकिपीडियाचा संस्थापक जिमी वेल्स यानं स्वतः एक पान सुरू केलं. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळ गुगुलेतू नावाची वस्ती आहे, तिथल्या ‘म्झोलीज’ नावाच्या मटणाच्या दुकानावर. तिथे मटण विकत घ्यायचं, तिथेच भाजून घ्यायचं, बाहेर गाणी वाजतायत आणि गर्दी उसळलीये, असा तो प्रकार. वेल्सनं एका वाक्याचं पान टाकलं. अर्ध्या तासाच्या आत दुसऱ्या एका प्रचालकानं ते उडवलं. कारण काय, तर हे दुकान महत्त्वाचं का आहे हे लिहिलेलंच नाही. संस्थापकाचं पान आहे म्हणून कोणी मान तुकवली नाही. मग जी जुंपली, ती इतकी की अमेरिकेतल्या मोठ्या वर्तमानपत्रानं त्यावर लेख छापला. तोवर इतर लोकांनी शोधून शोधून त्या दुकानाबद्दल पर्यटकांनी, पत्रकारांनी, वस्तीवर अभ्यास करणाऱ्यांनी काय लिहिलंय ते पानात घातलं. पान टिकलं.

या गोष्टीतून लोक सहसा ‘बघा, विकिपीडियावाले किती अडेलतट्टू’ एवढंच घेतात. मला तिच्यातलं उलटं टोक आवडतं. संस्थापकाचा शब्द पुरला नाही, आणि तेच बरोबर होतं. ‘मी तिथे जेवलो, भारी आहे’ हे वाक्य बिल गेट्सचं असो, जिमी वेल्सचं असो की तुमच्या मामाचं, त्यावर नोंद उभी राहत नाही. ज्याचा त्या धंद्याशी काही लागाबांधा नाही अशा कोणीतरी, जबाबदारीनं, जरा सविस्तर लिहिलेलं असलं पाहिजे. विकिपीडियावर याला उल्लेखनीयता म्हणतात. शब्द जड आहे, पण त्यामागचा सवाल साधा आहे: तू सांगतोस ते मला तुझ्याशिवाय दुसरीकडे तपासता येईल का?

हा नियम काढून टाका, मग गंमत बघा. पहिल्या आठवड्यात ‘महाराष्ट्रातील नंबर एक मिसळ’ची चारशे पानं येतील आणि प्रत्येक पान मालकाच्या भाच्यानं लिहिलेलं असेल. पैसे घेऊन रील करणारे फूडब्लॉगर आहेतच, ते पैसे घेऊन पानंही करतील. ज्याच्याकडे भाचा नाही आणि रीलवाल्याला द्यायला पैसे नाहीत, तो ठेलेवाला तेव्हाही बाहेरच राहील. नियमाचा त्रास गरिबाला होतो हे खरं. नियम नसण्याचा त्रास त्यालाच जास्त होईल.

मग या नियमानं डॉली बसतो का? बसतो. त्याचं कौतुक असो वा चीड, देशातल्या मोठ्या वर्तमानपत्रांनी त्याच्याबद्दल लिहिलंय. एकाच घटनेमुळे बातमीत आलेल्या माणसावर शक्यतो वेगळं पान करू नये, असाही एक शहाणा संकेत आहे. पण डॉली गेट्सच्या आधीच रीलवर गाजत होता, म्हणून तर त्याला हैदराबादला नेलं. आणि नंतर त्याचा धंदाच बदलला. ही २०२०च्या दशकातल्या भारताची एक गोष्ट आहे: फोनच्या कॅमेऱ्यासमोर चहा करायची एक पद्धत तयार झाली आणि तिचा माल झाला. पन्नास वर्षांनी कोणी विचारलं की तेव्हा लोक व्हायरल होत म्हणजे नक्की काय होत असे, तर डॉलीची नोंद कामाला येईल. चहा कसा होता हा मुद्दाच नाही. विश्वकोश म्हणजे रेटिंगचं ॲप नव्हे. त्यात वाईट राजेही असतात.

आता भिवापूरला येऊ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नागपूरहून उमरेडमार्गे नागभीड-गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. मिरचीसाठी प्रसिद्ध. इतकं, की ‘भिवापुरी’ म्हटलं की विदर्भात पुढे ‘मिरची’ म्हणायची गरज पडत नाही. जवळच उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य, म्हणजे शनिवार-रविवारी वाघ बघायला जाणाऱ्या गाड्याही याच बाजूला येतात. नागपूर-नागभीड छोट्या रेल्वेवर भिवापूर हे स्टेशन होतं. ती नॅरोगेज गाडी नोव्हेंबर २०१९मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली.

समजा, या गावात बसस्टँडबाहेर एक नाश्त्याचा ठेला आहे. पोहे, वर चण्याची लालभडक तर्री, आलुबोंडा, चहा. मालक जरा अतरंगी आहे: पाटीवर रोज खडूनं नवी म्हण लिहितो, उधारी मागणाऱ्याला गाणं म्हणायला लावतो. तुम्ही त्याचे तीन रील केले, एकाला दोन लाख व्ह्यू आले. आणि तुम्हाला वाटतं, याचं पान पाहिजे.

कशासाठी? पाटीवरच्या म्हणींसाठी?

माझा खरा राग या ‘अतरंगी’ शब्दावर आहे. ठेल्यानं बातमीत यायचं तर त्याला काहीतरी नाटक करावं लागतं. गॉगल लावावा लागतो, धार सोडावी लागते, आगीचं पान तोंडात कोंबावं लागतं. जो माणूस पहाटे चारला चणे चुलीवर चढवतो आणि गेली अनेक वर्षं तीच चव काढतो, त्याच्याकडे कॅमेऱ्याला देण्यासारखं काही नसतं. एकच काम रोज सारखं करणं दिसायला फार कंटाळवाणं. आपण बघणारे रीलमागून रील सरकवतो, त्यात त्याचा अंगठ्याच्या एका हालचालीत निकाल लागतो. मग पत्रकार रीलमागे जातो, विकिपीडिया पत्रकारामागे जातो, आणि शेवटी ‘महाराष्ट्रातले खाद्यविक्रेते’ या विषयावर आपल्या हातात नाटक करणाऱ्यांची यादी उरते. यात विकिपीडिया शेवटचा डबा आहे हो. इंजिन तुमच्या हातात आहे, रात्री साडेअकराला, पांघरुणात.

म्हणून त्या ठेल्याची नोंद आज नको. तुमच्याकडे सांगायला फक्त म्हणी आणि व्ह्यू आहेत. तो ठेला कधी लागला? तर्रीत मिरची कोणती? भिवापुरीच आहे, की आता बाहेरून आलेली संकरित? तुम्हाला हे माहीत नाही. विचारलंच नाही.

आता मराठी विकिपीडियावर जा. १ मे २००३ला, महाराष्ट्र दिनी, तो सुरू झाला. त्यावर महाराष्ट्रातल्या हजारो गावांची पानं आहेत. गाव असणं एवढंच पानासाठी पुरतं, ठेल्याला जी परीक्षा द्यावी लागते ती गावाला नाही. आपल्या तालुक्यातलं एखादं आडबाजूचं गाव उघडा. हे अमुक तालुक्यातलं गाव आहे, असं एक वाक्य. त्याखाली ठरलेले मथळे: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. आणि कितीतरी पानांवर त्या मथळ्यांखाली काहीही नाही. कोणीतरी साचा टाकला, गावाचं नाव भरलं, पुढच्या गावाला गेलं.

‘लोकजीवन’, आणि खाली पांढरी जागा. हे मला एखाद्या ठेल्याला नोंद नाकारण्यापेक्षा हजारपट लाजिरवाणं वाटतं. गावात लोक सकाळी कुठे उभे राहतात, एसटीची वाट बघत काय खातात, पोळ्याच्या दिवशी, आठवडी बाजाराच्या दिवशी कुठे गर्दी होते, कोणाच्या बाकावर कोण बसायचं आणि कोणाला वेगळा कप मिळायचा, हेच तर लोकजीवन. वेगळ्या कपाचं मुद्दाम लिहिते आहे. ठेल्याची आठवण सगळ्यांसाठी गोड नसते, आणि ज्याची नोंद करायची त्यात हेही आलं पाहिजे. भिवापूरच्या ठेल्याची जागा या मथळ्याखाली आहे. स्वतंत्र पानाचा हट्ट हा मला थोडा सातबाऱ्यावर नाव लावून घेण्यासारखा वाटतो. आधी शेतात काही पिकू द्या.

मिरचीचंच बघा ना. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालंय, जीआय टॅग म्हणतात तो. मानांकन आपोआप मिळत नाही. हा माल याच भागातला आहे, तो इथे आधीपासून पिकतो, त्याचा नाव-लौकिक आहे, हे कागदानं दाखवावं लागतं. जुन्या नोंदी काढाव्या लागतात, नकाशा जोडावा लागतो, पिकवण्याची पद्धत लिहावी लागते. संकरित वाणांपुढे ही मिरची मागे पडत गेली, तरी तिच्यासाठी कोणीतरी बसून हे कागद केले. तिची तर्री करून विकणाऱ्यांसाठी कोणी एक पान लिहिलेलं नाही. मिरचीला पुरावा आहे, तर्रीला नाही.

म्हणजे ठेलेवाल्याबद्दल कागदावर काहीच नसतं असं नाही. असतं. अतिक्रमण म्हणून असतं. रस्ता रुंद करायला निघाले की यादी होते, नोटीस येते, ‘अनधिकृत’ असा शिक्का असतो. २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला, त्यात शहरातल्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, त्यांना विक्रीचं प्रमाणपत्र द्यायचं असं ठरलं. जून २०२०मध्ये करोनाच्या तडाख्यात पीएम स्वनिधी योजना आली, पहिल्या टप्प्यात दहा हजारांचं भांडवली कर्ज. ते कोणाला? तर ज्याचं नाव सर्वेक्षणात आहे, ज्याच्याकडे ओळखपत्र किंवा प्रमाणपत्र आहे, नाहीतर निदान नगरपंचायतीचं, पालिकेचं शिफारसपत्र आहे त्याला. लिहिलेलं असणं आणि नसणं यात तेव्हा दहा हजारांचा फरक पडत होता. हे विकिपीडियाचं पान दाखवून मिळत नाही, हे मला माहीत आहे. गोंधळ करू नका. पण ‘नोंद म्हणजे काय, शोभेची वस्तू’ म्हणणाऱ्यांनी एकदा ठेलेवाल्याला विचारावं, यादीत नाव नसलं की काय होतं ते.

आणि दुसरी बाजूही आहे, तिच्याबद्दल दुसरी पार्टी कधीच बोलत नाही. नाल्यावर फळ्या टाकून उभ्या असलेल्या ठेल्याचं पान कराल, फोटो टाकाल, नकाशावर खूण टाकाल, ‘वीस वर्षांपासून याच जागी’ असं लिहाल. उद्या तेच वाक्य नोटिशीला जोडलं तर? त्या माणसाला विचारलंत? विकिपीडियाचं पान कोणीही बदलू शकतं. शेजारच्या ठेल्याशी भांडण झालं की त्याच्या पोह्यात अळी निघाल्याची ओळ तिथे येऊ शकते, आणि ती काढायला त्याला लॉगिन कसं करायचं तेही माहीत नसतं. प्रसिद्धी ही काही गुलाबजामची वाटी नाही की दिली आणि झालं.

इथे दुसरी पार्टी तिचा हुकमी पत्ता काढेल: पण ठेल्यांबद्दल कोणी लिहितच नाही, मग स्रोत आणायचे कुठून? तुमचा नियम म्हणजे आधीच लिहिल्या गेलेल्यांसाठीच! हा आक्षेप खरा आहे आणि जुना आहे. २०१८ साली डॉना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, त्या दिवशी त्यांच्यावर इंग्रजी विकिपीडियात पान नव्हतं. काही महिन्यांपूर्वी कोणीतरी मसुदा पाठवला होता, तो पुरेसे स्रोत नाहीत म्हणून परत गेला होता. नोबेलच्या लायकीच्या बाईबद्दल वर्तमानपत्रांनी लिहिलेलं नसतं, तर बसस्टँडवरच्या मावशीबद्दल कोण लिहिणार?

पण या आक्षेपावर उपाय शोधणारे लोकही होऊन गेलेत, नुसते चिडणारे नाहीत. २०११मध्ये अचल प्रभाला यांनी मौखिक संदर्भांचा एक प्रकल्प केला. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी, या तीन भाषांत. कल्पना अशी, की ज्या गोष्टी सगळ्या गावाला माहीत आहेत पण छापलेल्या नाहीत, त्या जाणत्या माणसांकडून ध्वनिमुद्रित करायच्या, एकाकडून नाही, अनेकांकडून, आणि ते मुद्रण संदर्भ म्हणून जोडायचं. केरळातला ‘डब्बा कळी’ नावाचा मुलांचा खेळ त्यात होता. त्यावर ‘पीपल आर नॉलेज’ नावाची फिल्मही झाली. भांडण झालं, अर्थात. विकिपीडियाच्या चालत्या नियमात ही पद्धत रुळली नाही. तरी दिशा मला बरोबर वाटते, कारण ती ‘आम्हाला नियमातून सूट द्या’ म्हणत नाही. ती म्हणते, आम्ही पुरावा तयार करतो, तो तपासून बघा.

मराठीत हे करायला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्याकडे दिवाळी अंक आहेत, जिल्हा आवृत्त्या आहेत, वेबझिनं आहेत, मराठी आणि समाजशास्त्र शिकवणारी कॉलेजं आहेत. दरवर्षी हजारो मुलं प्रकल्प म्हणून कुठलातरी जुना प्रकल्प उतरवून काढतात. त्यातल्या एका वर्गानं तालुक्याच्या गावातल्या दहा ठेल्यांवर धडपणे लिहिलं आणि कॉलेजनं ते संपादित करून छापलं, तर तेवढा एक कागद भिवापूरच्या ‘लोकजीवन’खाली लावता येईल. आणि त्या दहांतला एखादा ठेला असा निघेल, की त्याच्यावर पुढे वर्तमानपत्रानं लिहिलं, कोणी प्रबंधात घेतला, आणि मग त्याचं वेगळं पान झालं. तेव्हा ते पान उडवायला कोणी आलं तर मी तुमच्या बाजूनं भांडायला येईन.

घाई मात्र आहे. छोटी रेल्वे बंद झाली तेव्हा तिच्या स्टेशनांवर, गाडीच्या वेळांवर ज्यांचा धंदा चालायचा त्यांचं काय झालं, ते कुठे गेले, हे आता गोळा करायचं म्हटलं तर माणसं शोधत हिंडावं लागेल. गाडीचे फोटो मुबलक आहेत. शेवटच्या फेरीचे तर कितीतरी. प्लॅटफॉर्मवर चहा-भजी विकणाऱ्यांशी बोलून लिहिलेलं किती आहे, ते स्वतः शोधून बघा.

तर पुढच्या वेळी ठेल्यावर जाल तेव्हा एक रील कमी करा आणि एवढं विचारून या. ठेला कोणत्या साली लागला, आणि त्या साली पोह्याची प्लेट कितीला होती. आधी काय करत होते. मालक आणि मालकीण दोघं राबत असतील तर चणे कोण शिजवतं, गल्ल्यावर कोण बसतं. मिरची कोणाकडून येते, किलोला काय पडते, भिवापुरी घेणं कधी सोडलं आणि का सोडलं. ठेला आतापर्यंत किती वेळा हलवावा लागला. गावात त्यांच्या आधी कोणाचा ठेला होता. जे सांगतील ते शेजारच्या दोघांना विचारून ताडून बघा. तारीख घाला, स्वतःचं नाव घाला, आणि लेख कुठेतरी छापून आणा. आणि निघताना विचारा, नाव छापलं तर चालेल का. ते नको म्हणाले तर छापू नका.